नेटवर्कची केबल आणि ऐकणाऱ्याचा कान



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवत राहिले, आणि त्यांची संध्याकाळ गाण्याशिवाय कधी गेली नाही. प्रयोगशाळेतला काटेकोरपणा आणि मैफलीतली तल्लीनता या त्यांनी दोन वेगळ्या गोष्टी मानल्या नाहीत. म्हणून आजच्यासाठी मी असा विषय घेतला आहे, ज्यात दोन्हींचा कस लागतो. घरी इंटरनेटवरून किंवा हार्ड डिस्कवरून संगीत ऐकणाऱ्या मंडळींमध्ये हा वाद बरीच वर्षे तावातावाने चालू आहे. राउटरमधून निघून म्युझिक स्ट्रीमरमध्ये शिरणारी नेटवर्कची केबल बदलली, तर आवाज बदलतो का?

मीटरभर साधी केबल बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळते. चांदीचा मुलामा दिलेल्या तारांची, जाडजूड वेष्टनाची, त्याच कामाची केबल काही हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते. ती घेणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, उभी हयात ख्याल ऐकण्यात घालवलेले जाणते श्रोते आहेत. ते सांगतात की नवी केबल लावली आणि तंबोरा उलगडला, गायिकेच्या श्वासाभोवती मोकळी जागा आली, तबल्याची चाट स्वच्छ झाली.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मानकाप्रमाणे बनवलेली, धडधाकट अशी कोणतीही नेटवर्क केबल संगीताला हात लावत नाही. एक अरुंद फट आहे, तिच्याबद्दल पुढे बोलेन. पण ज्यांना फरक ऐकू आला त्यांना वेड्यात काढायला मी उभा नाही. बारीकसारीक गोष्टीने आवाज बदलतो, हा अनुभव आपल्या संगीतात पिढ्यान्‌पिढ्या खरा ठरलेला आहे.

मिरजेच्या कारागिराला तंबोऱ्याची जवारी लावताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. घोडीचा माथा तो कानसीने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवतो. तो दोरा केसभर पुढे गेला की आवाज बंद होतो, केसभर मागे आला की झंकार फुटतो. आता हे शास्त्राच्या बाजूने पाहू. तार ज्या जागी छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असे जुना नियम सांगत होता. तंबोऱ्यात ते स्पष्ट उमटतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या आपल्या लेखात हे दाखवले आणि त्याचे मूळ घोडीच्या रुंद, वक्र माथ्यावर तार टेकण्या-सुटण्याच्या रीतीत आहे हे सांगितले. त्याच्या आधी, १९१० साली, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी बावीस श्रुतींवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यांच्या मोजमापांना साथ होती ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. कान पुढे आणि मोजमाप मागून, अशी ही परंपरा आहे. तेव्हा ‘मला फरक ऐकू येतो’ असे कुणी म्हणाले तर पहिला प्रश्न ‘कसा शक्य आहे?’ हा नसावा. ‘कुठून येत असेल?’ हा असावा. दोऱ्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सापडले. केबलच्या बाबतीत ते शोधू.

केबलच्या बाजूने बोलणारे एक मुद्दा मांडतात आणि तो खरा आहे. तारेतून शून्य आणि एक धावत नाहीत, व्होल्टेज धावते. १०० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये तारांच्या जोडीवर व्होल्टेजच्या तीन पातळ्या असतात, गिगाबिटमध्ये पाच. लांब तारेत त्यांच्या कडा बोथट होतात, शेजारच्या जोडीतला गोंगाट त्यांत मिसळतो. इथपर्यंत सगळा मामला ॲनालॉग आहे आणि इथपर्यंत चांगली तार खरोखरच चांगली असते. पण पलीकडच्या टोकाची चिप ते व्होल्टेज जसेच्या तसे पुढे ढकलत नाही. ठरावीक क्षणी ती पातळी पाहते, ही कोणती पातळी याचा निर्णय करते, आणि तिथून पुढे कोरा करकरीत सिग्नल सुरू होतो. बोथट कड मागेच राहते. गोंगाट असलेल्या मार्गानेही, त्या मार्गाच्या क्षमतेच्या आत राहिले तर, चुकांचे प्रमाण हवे तितके खाली आणता येते, हे क्लॉड शॅननने १९४८ साली गणिताने सिद्ध केले. रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून झेरॉक्सच्या पालो आल्टो केंद्रात जे इथरनेट उभे केले, ते याच विचारावर उभे आहे.

आता थोडे आकडे. सीडीच्या दर्जाचे संगीत म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. गिगाबिट केबलची वहनक्षमता याच्या सुमारे ७०० पट आहे. १९२ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हा ‘हाय-रेझ’ म्हणवला जाणारा दर्जा घेतला तरी सेकंदाला ९२,१६,००० बिट, म्हणजे जुन्या १०० मेगाबिट केबलच्या दहाव्या हिश्शाहून कमी. शिवाय मानकाने या केबलला १०० मीटरपर्यंत मुभा दिली आहे. आपल्या घरात ती दोन-तीन मीटर असते.

गिगाबिट इथरनेटचे मानक चुकांची कमाल मर्यादा घालते: १० अब्ज बिटांमागे एक. धडधाकट केबल याहून पुष्कळ चांगली वागते. पण मर्यादेवरचीच केबल धरली तरी सीडीच्या दर्जाचे संगीत सुमारे दोन तास ऐकल्यावर एक बिट चुकेल. तो चुकलेला बिट आपल्या कानापर्यंत येतो का? येत नाही. आकड्यांच्या प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे गठ्ठ्याच्या, शेवटी ३२ बिटांची एक तपासणी-संख्या जोडलेली असते. पाठवणाऱ्याने काढलेली संख्या आणि घेणाऱ्याने काढलेली संख्या जुळली नाही, तर ते पॅकेट सरळ टाकून दिले जाते. मग त्याच्यावरची टीसीपी ही व्यवस्था तेच पॅकेट पुन्हा मागवून घेते. गाण्याची फाइल फ्लॅक पद्धतीची असेल तर तिच्या सुरुवातीलाच मूळ ध्वनीच्या विदेचा एमडी५ ठसा नोंदवलेला असतो. स्वस्तातल्या केबलने उतरवलेली फाइल आणि लाखाच्या केबलने उतरवलेली फाइल यांचे ठसे कुणीही घरच्या संगणकावर ताडून पाहावेत. ते शेवटच्या अक्षरापर्यंत जुळतात.

याहून मोठा पुरावा मला चूक कोणत्या स्वरूपाची होते यात दिसतो. समजा केबल खरोखर खराब आहे, आत तार तुटली आहे, पॅकेट येतच नाहीत. मग काय ऐकू येईल? एका पॅकेटात सीडीच्या दर्जाचे, न दाबलेले संगीत सुमारे ८ मिलिसेकंदांचे मावते. ते मिळाले नाही तर खट्ट आवाज येईल, खंड पडेल किंवा गाणे थांबेल. निषाद जरा कोरडा लागला, सारंगी एक पाऊल मागे सरकली, असे होणार नाही. कारण ‘कोरडे’ होण्यासाठी हजारो नमुन्यांच्या किमती एकमेकींशी सुसंगत अशा बेताने बदलाव्या लागतील, आणि बदलूनही प्रत्येक पॅकेटची तपासणी-संख्या जुळावी लागेल. तारेला गाणे ठाऊक नसते. तिच्यावरून संगीत चालले आहे की विजेच्या बिलाची पावती, हेही तिला कळत नाही.

दुसरा आक्षेप येतो तो वेळेचा, म्हणजे जिटरचा. आकडे बरोबर आले पण वेळेवर आले नाहीत तर? आक्षेप विचारपूर्वक केलेला आहे, कारण आकडे ज्या क्षणी ध्वनीत बदलतात तो क्षण हलला तर आवाज खरोखर बिघडतो. पण नेटवर्कवरून येणारे संगीत येते त्या वेळी वाजतच नाही. नगरपालिकेचे पाणी कधी जोरात येते, कधी करंगळीएवढी धार येते, कधी येतच नाही, पण गच्चीवरची टाकी भरलेली असली की स्वयंपाकघरातल्या नळाला त्याचा पत्ता नसतो. स्ट्रीमरच्या पोटातला बफर तसाच आहे. पॅकेट हिसक्याहिसक्याने येतात आणि त्यात साठतात. त्यातून आकडे बाहेर निघतात ते डॅकजवळच्या, म्हणजे आकड्यांचा ध्वनी करणाऱ्या भागाजवळच्या, स्फटिकाच्या ठोक्यावर. नेटवर्कच्या वेळेचा आणि त्या ठोक्याचा घरगुती स्ट्रीमिंगमध्ये काही संबंध नसतो.

हे मला तुम्हाला नुसते सांगायचे नाही. समोरच्या टेबलावर स्ट्रीमर आहे, ही त्याच्या मागची निळी केबल. आता यमनचा आलाप चालू आहे. नीट ऐका, मी केबल काढतो आहे.

(येथे केबल काढून श्रोत्यांना दाखवण्यात आली. संगीत चालू राहिले.)

केबल माझ्या हातात आहे आणि आलाप चालू आहे. गंधार तसाच आहे, तंबोरा तसाच आहे. आपण आत्ता जे ऐकतो आहोत ते केबल नसताना ऐकतो आहोत. केबल आवाजाला रंग देत असेल तर या क्षणी तो रंग उडायला हवा होता. काही यंत्रे असे काही सेकंद चालतात, काही आख्खे गाणे पोटात घेतात. घरी जाऊन प्रत्येकाने हे करून पाहावे, याला खर्च नाही.

आता ती अरुंद फट. केबलमधून आकड्यांशिवाय आणखी एक गोष्ट येऊ शकते आणि ती म्हणजे विजेचा गोंगाट. राउटरचा स्वस्त ॲडॉप्टर, आतले स्विचिंग, घरातले अर्थिंग, हे सगळे तांब्याच्या तारेने स्ट्रीमरला जोडले जाते. इथरनेटच्या प्रत्येक तोंडाशी म्हणूनच छोटे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात. त्यांनी १,५०० व्होल्टचा ताण सहन केला पाहिजे अशी मानकाची अट आहे. त्यामुळे दोन यंत्रांमध्ये थेट विद्युतमार्ग राहत नाही. तरीही अतिउच्च वारंवारतेचा थोडा गोंगाट ट्रान्सफॉर्मर ओलांडू शकतो. डॅकची बांधणी बेफिकीर असेल तर त्याचा अंश ॲनालॉग बाजूला पोहोचू शकतो. मी ही शक्यता नाकारत नाही. पण ती मोजता येते. डॅकच्या आउटपुटला विश्लेषक लावायचा, केबल बदलायची आणि आलेख पाहायचा. इतक्या मोजमापात काही दिसले, तर दोष डॅकचा आहे, आणि तो बदलणे हाच उपाय आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिने लोकांचे नुकसान होते. साध्या यूटीपी केबलला धातूचे कवच नसते. महागड्या केबलला बहुधा असते आणि ते दोन्ही टोकांच्या धातूच्या तोंडांना जोडलेले असते. म्हणजे ट्रान्सफॉर्मरने तोडलेला मार्ग त्या कवचाने पुन्हा जुळतो. घरातले अर्थिंग जागोजागी वेगळे असेल, जुन्या इमारतींत ते पुष्कळदा तसे असते, तर ग्राउंड लूप तयार होऊन स्पीकरमधून ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची घूं ऐकू येऊ शकते. अशा घरात शंभर रुपयांची कवच नसलेली केबल लाखाच्या केबलपेक्षा चांगली. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर मध्ये मीटरभर ऑप्टिकल फायबर घालावा. काचेतून वीज जात नाही. वायफाय लावले तर वादाचा विषयच उरत नाही.

मग जाणत्या श्रोत्यांना फरक ऐकू येतो तो कुठून? तो त्यांच्या कल्पनेतला आहे असे म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. पुष्कळदा आवाज खरोखरच बदललेला असतो, फक्त केबलने नाही. केबल बदलायला माणूस खुर्चीतून उठतो, यंत्रामागे वाकतो, परत येऊन बसतो. दहा किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही. डोके चार बोटे इकडे-तिकडे झाले की थेट आलेला आणि भिंतीवरून परतलेला ध्वनी वेगळ्या रीतीने मिळतात आणि कानावर पडणारे तीव्र स्वर बदलतात. आवाजाचे बटण किंचित सरकले तरी तेच. एखाद्या दशांश डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, तो ‘सुरेख’ म्हणून जाणवू शकतो. शिवाय तेच गाणे दुसऱ्यांदा ऐकताना आपण वेगळ्या जागी लक्ष देतो. पहिल्यांदा निसटलेली तंबोऱ्याची खर्जाची तार दुसऱ्यांदा सापडते. ती सापडल्याचा आनंद खरा असतो, श्रेय मात्र हातात असलेल्या नव्या वस्तूला जाते.

अपेक्षेचा वाटा यापेक्षाही मोठा आहे. बॉस्टनमधल्या ध्वनिप्रेमी मंडळींच्या मदतीने ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी केलेला प्रयोग २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी सीडीच्या दर्जाचा अडथळा घातला आणि कोणता आवाज कोणता हे न सांगता ऐकणाऱ्यांना ओळखायला लावले. ५५४ वेळा ऐकून २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निव्वळ नाणेफेक. लक्षात घ्या, तिथे आकडे खरोखर बदलले होते. केबलच्या बाबतीत तर आकडे बदलतच नाहीत.

मला या विषयाची काळजी वाटते ती तरुण श्रोत्यांमुळे. नुकतीच पहिली नोकरी लागलेला मुलगा मन लावून ख्याल ऐकू लागतो आणि त्याला सांगितले जाते की, ‘तुझी केबल साधी आहे, तुला खरे गाणे अजून ऐकूच आलेले नाही.’ हे खोटे आहे आणि ते त्याला संगीतापासून दूर नेते. त्याच्या फ्लॅटमध्ये गाणे बिघडते ते फरशीने, उघड्या भिंतींनी आणि खोलीच्या मापाने. बारा फूट लांबीच्या खोलीची पहिली अनुनाद-वारंवारता ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दुसरी ९४ च्या आसपास येते. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात असतो. म्हणून तो एका कोपऱ्यात अंगावर येतो आणि दोन पावलांवर गायब होतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढला, जमिनीवर सतरंजी अंथरली, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले, तर जो फरक पडतो तो शेजाऱ्यालाही सांगावा लागत नाही.

आणि मूळ ध्वनिमुद्रण! त्याच्याबद्दल आपण किती कमी बोलतो. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानची मुद्रणे झाली तेव्हापासून पुढच्या अर्धशतकाचा आपला ठेवा तबकड्यांवर आहे. सुरुवातीच्या काळात त्यांचा फिरण्याचा वेग ठाम नव्हता. ७८ फेऱ्यांची तबकडी ८० फेऱ्यांनी फिरवून संगणकात उतरवली तर सगळे गाणे ४४ सेंट चढते. म्हणजे जवळपास अर्धा अर्धस्वर, दोन प्रमाणश्रुतींइतका. गायकाचा गळा वेगळाच वाटतो, लय धावते, आणि ती चूक पुढे कायमची आकड्यांत गोठते. असे चुकीच्या वेगाने उतरवलेले गाणे जगातल्या सर्वांत महाग केबलमधून नेले तरी ते तसेच, चुकीचेच पोहोचेल, कारण केबल प्रामाणिक आहे. आपल्यापैकी कुणी नव्या केबलसाठी पैसे बाजूला काढले असतील तर एखाद्या संग्राहकाकडच्या तबकड्या योग्य सुईने, योग्य वेगाने उतरवून घेण्यासाठी ते द्यावेत. त्याने आवाजाचा दर्जा सुधारतो, आणि आपल्या एकट्यासाठी नाही.

ज्यांना अजूनही वाटते की आपल्याला फरक ऐकू येतो, त्यांच्यासाठी शेजारच्या खोलीत व्यवस्था केली आहे. तीच यंत्रणा, तीच खुर्ची, आवाजाचे बटण चिकटपट्टीने बंद केलेले. दोन केबल आहेत, एक साधी आणि एक मित्राकडून आणलेली फार महागडी, दोन्ही पडद्यामागे. पडद्यामागचा स्वयंसेवक प्रत्येक वेळी नाणे उडवून केबल लावेल आणि मागच्या दाराने बाहेर जाईल. त्यानंतर दुसरा स्वयंसेवक तुमच्याजवळ येऊन बसेल, आणि कोणती केबल लागली आहे हे त्यालाही ठाऊक नसेल. गाणे तुम्ही निवडायचे, हवा तितका वेळ ऐकायचे. सोळा वेळा उत्तर लिहायचे. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात चाराहून कमी आहे, म्हणून बाराची अट ठेवली आहे. कुणी ती ओलांडली तर मी त्यांच्यासोबत दुसऱ्या दिवशी पुन्हा बसेन, आणि पुन्हा ओलांडली तर डॅकच्या आउटपुटला विश्लेषक लावून ते काय ऐकत आहेत ते आम्ही दोघे मिळून शोधू. खोली रात्री दहापर्यंत उघडी आहे.